देवाची वस्ती : ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरनिवासाची संकल्पना आणि तिचे मराठी रूप

बीजसंज्ञा : ईश्वरनिवास, निवासमंडप, देहधारण, मराठी ख्रिस्ती साहित्य, पंडिता रमाबाई, शारदा सदन

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या आणि सामाजिक इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गांमध्ये फादर स्टीफन्स, रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई ही नावे वरचेवर येतात. या तिघांच्या भाषेविषयी, काव्यगुणांविषयी आणि समाजकार्याविषयी आपण बरेच बोलतो. त्यांच्या श्रद्धेचा आशय मात्र ‘त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला’ अथवा ‘ते मिशनरी होते’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. त्यामुळे त्यांच्या लेखनातील आणि आयुष्यातील काही निर्णय विद्यार्थ्यांना अनाकलनीय वाटतात, किंवा त्यांचा उलगडा केवळ राजकीय हेतूंच्या आधारे केला जातो. १८९३ साली पुण्यात शारदा सदनावरून उसळलेला वाद हे याचे ठळक उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात ख्रिस्ती श्रद्धेतील एका मध्यवर्ती कल्पनेचे विवेचन करावयाचे आहे. ती कल्पना अशी की, ईश्वराला मनुष्यांमध्ये राहावयाचे आहे. माणसाने ईश्वराचा शोध घ्यावा ही प्रेरणा जगातील बहुतेक धर्मांत आढळते. बायबलमध्ये तिच्याबरोबरच, किंबहुना तिच्या आधी, ईश्वराच्या बाजूने येणारी ओढ सांगितलेली आहे. ही ओढ बायबलच्या आरंभापासून अखेरपर्यंत कशी बदलत जाते, मराठीत येताना तिला कोणते शब्द मिळाले आणि त्या शब्दांनी काय साधले, याचा विचार येथे केला आहे. लेखाचा हेतू धर्मशास्त्रीय समर्थनाचा अथवा खंडनाचा नाही. एखाद्या कवीचा किंवा समाजसुधारकाचा अभ्यास करताना त्याच्या श्रद्धेचा आशय ठाऊक असणे हे अध्यापकाचे किमान कर्तव्य आहे, एवढीच त्यामागील भूमिका आहे.

तंबूत राहणारा देव

इब्री बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथात इस्राएल लोक मिसर देशातील गुलामगिरीतून सुटून सीनाय पर्वतापाशी येतात. तेथे मोशेला आज्ञा मिळते ती अशा आशयाची की, लोकांनी माझ्यासाठी एक पवित्रस्थान करावे, म्हणजे मी त्यांच्यामध्ये निवास करीन (निर्गम २५:८). या वाक्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पवित्रस्थान बांधावयाचे आहे, तेव्हा ‘मी त्यात निवास करीन’ असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ‘त्यांच्यामध्ये’ असा शब्द येतो. वास्तू हे निमित्त आहे आणि निवास लोकांत आहे. पुढील सर्व विकासाचे बीज या एका सर्वनामात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही वास्तू म्हणजे एक तंबू होता. त्याला इब्री भाषेत ‘मिश्कान’ म्हणतात, आणि हा शब्द ‘शाकन’ म्हणजे वस्ती करणे, मुक्काम करणे या धातूपासून आला आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘निवासमंडप’ असा शब्द रूढ आहे. लाकडी फळ्या, तागाचे व बकऱ्याच्या केसांचे पडदे, कातड्यांची आच्छादने आणि भोवती शंभर हात लांब व पन्नास हात रुंद असे अंगण, असे त्याचे स्वरूप वर्णिले आहे. मुक्काम हलला की तंबू उतरवावयाचा, खांद्यावर घ्यावयाचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभा करावयाचा. भटकणाऱ्या लोकांचा देव त्यांच्याबरोबर भटकतो, ही यातली मूळ कल्पना. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून चाळिसाव्या अध्यायापर्यंतचा बहुतेक मजकूर या मंडपाच्या तपशिलाने व्यापलेला आहे. आजच्या वाचकास तो कंटाळवाणा वाटतो हे खरे. परंतु ज्या ग्रंथात विश्वाची निर्मिती एका अध्यायात आटोपते, त्यात एका तंबूला एवढी जागा मिळावी, यावरूनच या विषयाचे त्या परंपरेतील महत्त्व ध्यानात येते.

पुण्यात राहणाऱ्या आपणांस या तंबूची स्मृती फार दूर शोधावयास नको. डेव्हिड ससून यांनी बांधविलेले आणि १८६७ साली पूर्ण झालेले लष्कर भागातील यहुदी सभास्थान पुणेकर ‘लाल देऊळ’ या नावाने ओळखतात. त्याचे मूळ नाव ‘ओहेल डेव्हिड’ असे आहे, आणि ‘ओहेल’ म्हणजे तंबू. रास्ता पेठेतील बेने इस्राएल समाजाचे सभास्थान ‘सुक्कथ शेलोमो’; त्यातील ‘सुक्का’ म्हणजे झावळ्यांचा मांडव. दगडविटांच्या पक्क्या इमारतींना तंबूची आणि मांडवाची नावे देणारी ही परंपरा आपला प्रवासी देव विसरलेली नाही.

मात्र ही जवळीक सुखावह तेवढीच धोक्याचीही मानली गेली. मंडपाच्या सूचना आणि त्याची उभारणी यांच्या मध्ये सोन्याच्या वासराची कथा येते. लोक मूर्ती घडवून तिची पूजा करतात, तेव्हा देव मोशेला म्हणतो की, मी तुमच्यामधून चालणार नाही, अन्यथा वाटेत तुमचा नाश होईल (निर्गम ३३:३). पवित्र ईश्वराचा शेजार सामान्य माणसाला पेलवेल का, हा प्रश्न येथे उघडपणे विचारला गेला आहे. म्हणून मंडपात पडद्यामागे पडदे आहेत. परमपवित्रस्थानात केवळ प्रमुख याजकाने, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रवेश करावयाचा (लेवीय १६). तसेच कुष्ठरोगी व विटाळ झालेले लोक छावणीबाहेर ठेवावयाचे, कारण छावणीत देवाचा निवास आहे (गणना ५:२-३). देव मध्यभागी आल्यामुळे काही माणसे बाहेर गेली. महाराष्ट्रातील वाचकास गावकूस आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांची आठवण येथे आपोआप होईल. दोन्हींची कारणे आणि स्वरूप भिन्न आहेत, हे सांगावयास हवे. पण पावित्र्याच्या कल्पनेतून ‘आत’ आणि ‘बाहेर’ कसे निर्माण होते याचा नमुना म्हणून ती तुलना उपयुक्त आहे. पुढे नव्या करारात हाच ‘बाहेर’चा प्रश्न निर्णायक ठरतो.

राज्य स्थिर झाल्यावर दावीद राजाच्या मनात आले की, आपण गंधसरूच्या घरात राहतो आणि देव मात्र कापडाच्या आड राहतो. त्याने मंदिर बांधावयाचे ठरविले. त्यावर मिळालेले उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. देव म्हणतो की, मी आजवर तंबूतूनच फिरत आलो, गंधसरूचे घर मी कोणाकडे कधी मागितले होते काय? आणि पुढे, तू माझ्यासाठी घर बांधणार नाहीस, मीच तुझे घर बांधीन (२ शमुवेल ७). येथे इब्री ‘बाइत’ या शब्दावर श्लेष आहे. त्याचा अर्थ वास्तू असाही होतो आणि वंश असाही. अनेक भाषांत हा श्लेष तळटीप देऊन समजवावा लागतो. मराठीत घर आणि घराणे हे शब्द शेजारी शेजारीच असल्याने तो सहज उमगतो.

दावीदाचा पुत्र शलमोन याने मंदिर बांधले. साठ हात लांब, वीस हात रुंद आणि तीस हात उंच अशी त्याची मापे दिली आहेत. तथापि अर्पणाच्या प्रार्थनेत स्वतः शलमोनच विचारतो की, आकाशेही ज्याला पुरत नाहीत तो या घरात कसा मावेल (१ राजे ८:२७). इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने हे मंदिर उद्ध्वस्त केले. यहेज्केल संदेष्ट्याने या घटनेचा लावलेला अर्थ असा की, मंदिर पडण्यापूर्वीच देवाचे तेज त्यातून उठून, उंबरठ्यावर थांबून, शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर निघून गेले होते. मात्र परदेशी नेलेल्या लोकांना तो असेही सांगतो की, त्या परक्या भूमीत देव स्वतःच त्यांच्यासाठी पवित्रस्थान झाला आहे (यहेज्केल ११:१६). वास्तू नसतानाही निवास संभवतो, ही जाणीव पराभवातून आली, हे लक्षणीय आहे.

‘शब्द’ आणि ‘वस्ती’

ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण यानंतर सुरू होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात (१:१४) ईश्वरी ‘शब्द’ देहधारी झाला आणि तो मनुष्यांत राहिला असे प्रतिपादन आहे. ‘राहिला’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते ‘स्केने’ म्हणजे तंबू या नामापासून साधले आहे. शब्दशः अर्थ ‘त्याने तंबू ठोकला’ असा होईल. योहानाचा संकेत निर्गमातील मंडपाकडे आहे, याविषयी अभ्यासकांमध्ये फारसा मतभेद नाही. ‘शाकन’ आणि ‘स्केने’ या शब्दांतील ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे असले, तरी दोन्ही भाषा जाणणाऱ्या वाचकाच्या कानावर ते पडल्यावाचून राहिले नसेल.

मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘वस्ती’ हा शब्द योजला आहे, आणि माझ्या मते मराठी अनुवादातील ही एक अत्यंत यशस्वी निवड आहे. ‘निवास’ हा शब्द संस्कृत आणि प्रतिष्ठित आहे. निवास राज्यपालांचा असतो, अतिथींसाठी असतो. ‘वस्ती’ला मात्र मातीचा वास आहे. मराठीत वस्ती करणे म्हणजे मुक्काम करणे. वाटसरू वस्तीला थांबतो, शेवटची एसटी गावात वस्तीला असते. या अर्थाने तंबूतील तात्पुरतेपण या शब्दात आले. त्याच वेळी वस्ती म्हणजे माणसांनी गजबजलेले ठिकाण. ओसाड जागेच्या विरुद्ध. आणि तिसरा अर्थ, जो विसाव्या शतकात अधिक ठळक झाला, तो गरिबांची, दलितांची, गावाबाहेरची अथवा शहराच्या कडेची वस्ती. अनुवादकांना हा तिसरा अर्थ अभिप्रेत होता असे म्हणता येणार नाही. तथापि आजचा मराठी वाचक तो टाळू शकत नाही, आणि टाळण्याचे कारणही नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक सांगतो की, येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून त्याच्या अनुयायांनीही छावणीबाहेर त्याच्याकडे जावे (इब्री १३:१२-१३). ज्या छावणीच्या मध्यभागी देव असल्याने विटाळलेली माणसे बाहेर ठेवली जात, त्या छावणीच्या बाहेर आता देव स्वतः गेला आहे. येथे मंडपाचा नकाशाच उलटा झालेला दिसतो.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे जे कार्य उभारले, त्याचा मोठा प्रतिसाद महार आणि मांग समाजांतून मिळाला. तेथील अनेक खेड्यांत शाळा आणि प्रार्थनागृह उभे राहिले ते गावकुसाबाहेरच. देवाने ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ हे विधान तेथे ऐकताना कोणत्या अर्थाने ऐकले गेले असेल, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य करावा. अर्थात धर्मांतराने जात संपली नाही, हेही तितकेच खरे. मंडळीत आल्यावरही मूळ जातीच्या खुणा टिकून राहिल्या, आणि ही विसंगती ख्रिस्ती समाजातील विचारवंतांनीच वेळोवेळी दाखवून दिली आहे.

मंदिर कोण?

येशूने स्वतःच्या देहालाच मंदिर म्हटले, असा योहानाचा निर्वाळा आहे (२:२१). त्याच्या मृत्यूच्या क्षणी यरुशलेमच्या मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय सांगतो (२७:५१). पुढे पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला आणि निवासाचे स्थान तिसऱ्यांदा बदलले. तंबू, एक देह आणि आता अनेक माणसे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिरही पाडले, तोवर ख्रिस्ती मंडळीला मंदिराची गरज उरलेली नव्हती.

पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो की, तुम्ही देवाचे मंदिर आहात (१ करिंथ ३:१६). येथे मराठीमुळे एक छोटी अडचण उद्भवते. मराठीत ‘तुम्ही’ हे अनेकवचनही आहे आणि आदरार्थी एकवचनही. एकट्याने वाचणारा वाचक ते आदरार्थी समजून स्वतःस लावून घेतो. माझ्या हृदयात देव आहे, असा त्याचा अर्थ होतो. ग्रीकमध्ये मात्र ते निःसंशय अनेकवचन आहे. पौल ज्यांना लिहितो आहे ते लोक आपापसांत गट पाडून भांडत होते, आणि त्याचा मुद्दा असा की, तुम्ही सर्व मिळून एक मंदिर आहात; तुम्ही फुटलात तर मंदिर फुटले. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात शरीरालाही मंदिर म्हटले आहे, त्यामुळे व्यक्तिगत अर्थ सर्वथा चुकीचा नाही. परंतु प्रथम येतो तो समूह. ख्रिस्ती उपासनेत सहभोजनाला, एकत्र प्रार्थनेला आणि मंडळीच्या सहवासाला जे स्थान आहे त्याचा उगम येथे आहे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृतींसमोर चहा ठेवला गेला आणि त्यावरून ग्रामण्य माजले, ही घटना आपण सुधारणावादाच्या इतिहासात शिकवितो. एका पंगतीला बसणे हा एका परंपरेत विटाळाचा आणि दुसऱ्या परंपरेत देवाच्या निवासाचा प्रश्न होता, ही बाजूही त्या प्रसंगास आहे.

बायबलच्या शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, नवे यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते. माणसे वर जात नाहीत, नगर खाली येते. या नगराची लांबी, रुंदी आणि उंची समान आहे. अशी घनाकृती जागा जुन्या मंदिरात एकच होती, ती म्हणजे परमपवित्रस्थान. म्हणूनच त्या नगरात वेगळे मंदिर नाही (प्रकटीकरण २१:२२). मराठीत येथे ‘मंडप’ हा शब्द येतो. नगराला आदल्याच वचनात शृंगारलेल्या वधूची उपमा दिली असल्याने मराठी वाचकास निवासमंडपाबरोबर लग्नमंडपही दिसतो. मूळ ग्रीक शब्दात ही छटा नाही. अनुवादात कधी कधी भाषा आपल्या पदरचे काही घालते, आणि ते प्रसंगास शोभूनही दिसते.

अवतार, अंतर्यामी आणि निवास

येथपर्यंतचे विवेचन वाचून मराठी वाचकाच्या मनात येणारा पहिला प्रश्न असा की, हे आपल्याकडे नाही काय? पुंडलिकासाठी विटेवर थांबलेला विठ्ठल आहे. जनाबाईबरोबर दळणारा आणि एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा देव आहे. भक्ताच्या सहवासाची ओढ असलेला देव महाराष्ट्राला नवीन नाही. हे साम्य खरे आहे आणि ते नाकारून काहीच हाती लागणार नाही. नारायण वामन टिळकांना तर हे साम्यच पूल वाटले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत.

भेद कोठे आहे? पहिला भेद इतिहासाचा. अवतारांची परंपरा युगायुगांची आणि पुनःपुन्हा घडणारी आहे. ख्रिस्ती देहधारण एका विशिष्ट रोमन सम्राटाच्या काळात, एकदाच घडलेले मानले जाते आणि त्यात मृत्यूचाही समावेश आहे. दुसरा भेद अद्वैताशी आहे. अंतर्यामी ईश्वर प्रत्येकाच्या ठायी स्वभावतःच आहे; अज्ञानाचा पडदा दूर झाला की तो कळतो. ख्रिस्ती निवासात राहणारा आणि ज्याच्यात तो राहतो, हे दोघे शेवटपर्यंत दोनच राहतात. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील चित्रात ख्रिस्त दाराबाहेर उभा राहून दार ठोठावतो. दार उघडले तर तो आत येतो, जेवतो. दार न उघडण्याची मुभा घरमालकास आहे. तिसरा भेद विधीचा. आपल्या षोडशोपचार पूजेत आवाहनाने देव येतो आणि विसर्जनाने जातो. भाद्रपदात प्रत्येक घर याचा अनुभव घेते. निमंत्रण भक्ताचे असते. निर्गमात मागणी देवाकडून येते, आणि विसर्जनाला समकक्ष असे काही तेथे नाही; जे आहे ते यहेज्केलाने पाहिलेले निघून जाणे, आणि ते शोकाचे आहे.

मराठी ख्रिस्ती काव्यातील दोन प्रयोग

मराठीत या आशयाचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ पहिले पुराण आणि दुसरे पुराण अशा दोन भागांत जुन्या व नव्या कराराचा आशय सांगतो. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाली. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती आणि जुन्या पोथ्यांवर बंदी होती, हा संदर्भ विसरून या ग्रंथाच्या गोडव्याचे कौतुक करणे अपुरे ठरेल. ज्यांची देवळे गेली त्यांना देव मनुष्यांत राहावयास आला ही कथा त्यांच्याच ओवीछंदात सांगितली गेली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्टीफन्सने स्वीकारला. देव जेथून आला त्या ठिकाणाचे नाव तरी ओळखीचे राहिले.

टिळकांचा प्रयोग वेगळ्या वळणाचा आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना मिशनची पाश्चात्त्य घडण पुढे पुढे जाचू लागली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दरबार हा शब्द तंबू व वस्ती यांहून अगदी निराळा, राजेपणाचा आहे. पण देवाभोवती जमलेली माणसे हेच देवाचे स्थान, हा पौलाचा मुद्दा त्यात शाबूत आहे. १९१९ च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण राहिले, ते लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पुढे नेले.

शारदा सदन, हिंगणे, केडगाव

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरची काही वर्षे त्यांचा सिस्टर जेरल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार पाहिला, तर अनंत ईश्वर मनुष्य कसा होऊ शकेल, हाच प्रश्न त्यांना सतावीत होता असे दिसते. शास्त्रचर्चेत वाढलेल्या या विदुषीने कोणतीही गोष्ट अधिकारवाणीवर मान्य केली नाही. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षपर लेखनात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. हे अंतर तुटले ते १८९० च्या दशकाच्या आरंभी. धर्म ही स्वीकारावयाची मतप्रणाली आहे. निवास हा घडणारा सहवास आहे. रमाबाईंच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हा काळ आणि शारदा सदनाच्या वादाचा काळ एकच आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले सदन १८९० साली पुण्यास आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे अभिवचन होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. यावरून वादळ उठले, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दाराचा हा प्रश्न आपण सहसा विश्वासघात विरुद्ध धर्मस्वातंत्र्य असा मांडतो. वरील विवेचन लक्षात घेता तो अधिक नेमका मांडता येईल. घरातील देव ज्यांच्या कल्पनेत देवघरात असतो, त्यांना खोलीचे दार लावून घेणे ही साधी, सहज पाळण्याजोगी अट वाटली. रमाबाईंच्या श्रद्धेत देवाचा निवास खोलीत नव्हता, एकत्र राहणाऱ्या माणसांत होता. दार लावणे म्हणजे त्या मुलींना त्या निवासातून वगळणे, असा त्याचा अर्थ त्यांच्या लेखी झाला असता. म्हणून त्यांची भूमिका प्रामाणिक होती असे म्हणावे लागते. परंतु सल्लागारांची भीतीही निराधार नव्हती. जिचा देव सहवासातूनच वस्ती करतो, तिच्या सहवासात तटस्थता कितपत राहील, ही शंका त्यांनी योग्य घेतली होती. आश्रयासाठी सर्वस्वी अवलंबून असलेल्या बालविधवेला दार न उघडण्याची मुभा प्रत्यक्षात किती होती, हा प्रश्न रमाबाईंच्या चाहत्यांनी टाळू नये.

या प्रश्नाचे एक उत्तर मात्र आपल्या परिसरातच आहे. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई जोशी. त्या चार वर्षांच्या सुमारास सदनात राहिल्या आणि १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. पुढे त्या आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. रमाबाईंच्या उघड्या दाराशेजारी राहूनही त्यांनी धर्म बदलला नाही. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला तो सदनाविषयीचा हिंदू समाजाचा विश्वास उडाल्यानंतरच्या पोकळीत, आणि १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, एका झोपडीत आणला. आश्रमात शिकविण्यासाठी प्राध्यापक कर्वे शहरातून पायपीट करीत. विधवा स्त्रियांनी एका छपराखाली एकत्र राहून शिकावे, हा नमुना पुण्याने प्रथम शारदा सदनात पाहिला होता. हिंगण्यात तो ईश्वरनिवासाच्या कल्पनेवाचून उभा राहिला. बायांनी आपल्या आठवणींना ‘माझे पुराण’ असे नाव दिले. स्टीफन्सच्या पुराणाशी त्याचा काही संबंध नाही, पण अभ्यासकाने दोन्ही जवळ ठेवून वाचावीत.

रमाबाई पुणे सोडून केडगावास गेल्या. दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या आणि इतरत्र आश्रय नसलेल्या शेकडो मुली व स्त्रिया ‘मुक्ति’मध्ये राहू लागल्या. तेथे तटस्थतेचे अभिवचन नव्हते. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. १९०५ मध्ये तेथे जी धार्मिक जागृती झाली तिच्या वार्ता जगभर पसरल्या. पवित्र आत्मा माणसांत वस्तीस येतो, ही कल्पना तेथील स्त्रियांनी सामूहिक प्रार्थनेत आणि अश्रूंत अनुभवली. त्या अनुभवाचे मूल्यमापन येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या अभ्यासकास अधिक मोलाचे आहे ते रमाबाईंचे त्यानंतरचे काम. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रीला कळत नाही, तिच्यात संस्कृत शब्दांचा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या जुन्या अर्थांचा भरणा आहे, असे त्यांचे मत होते. संस्कृतात प्रवीण असलेल्या आणि त्या विद्येसाठीच ‘पंडिता’ ही पदवी लाभलेल्या स्त्रीने असे म्हणावे, याला विशेष वजन आहे. त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी ही सर्व कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.

मराठी बायबलच्या अनुवादांची परंपरा सेरामपूरच्या १८११ च्या नव्या करारापासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या २०१० च्या ‘सुबोध बायबल’पर्यंत आली आहे. ‘मिश्कान’, ‘स्केने’, मंदिर आणि मंडळी या चार संज्ञांसाठी या अनुवादांत कोणकोणते मराठी शब्द आले, रमाबाईंनी त्यांतील कोणते टाळले आणि कोणते राखले, याचा तौलनिक अभ्यास एखाद्या पीएच. डी. प्रबंधाचा विषय व्हावा इतका समृद्ध आहे. त्यासाठी मराठी, धर्मशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विभागांतील अध्यापकांना एकत्र बसावे लागेल.